मोड नसलेला वारसा

*आजीच्या कपबशा, डिनर सेट आणि लोणच्याच्या बरण्यांचं करायचं काय? कोल्हापूरच्या घराघरांतला एक प्रश्न*

कोल्हापुरात शिवाजी पेठ, मंगळवार पेठ, शुक्रवार पेठ इथले जुने वाडे एकेक करून खाली येताहेत आणि त्या जागी अपार्टमेंट उभी राहताहेत. वाडा पाडायचा ठरला की आतल्या सामानाची वासलात साधारण एकाच क्रमाने लागते. सोनंनाणं बहुधा आधीच वाटून झालेलं असतं. देव कुणाकडे जायचे हे थोरला-धाकटा बघून ठरतं. सागवानी खांब, तुळया आणि दारं घ्यायला जुन्या लाकडाचा व्यापारी येतो. हंडे, घागरी, पराती, बंब वजनकाट्यावर चढतात. सगळ्यांत शेवटी राहतं ते सोप्यातलं काचेचं कपाट.

त्या कपाटात निळ्या नक्षीच्या ताटल्या असतात, सोनेरी काठाची किटली असते, बारा बशा आणि नऊच कप असतात, झाकणाची मूठ गेलेलं साखरेचं भांडं असतं. स्वयंपाकघराच्या फडताळात वरून तपकिरी, खालून पांढरट अशा बरण्यांची रांग असते. यातलं रोज कुणी काही वापरत नाही. टाकून द्यायलाही कुणाचा हात उचलत नाही. पुण्याच्या मुलाचा फ्लॅट लहान, अमेरिकेतल्या मुलीला विमानात २३ किलोच्या बॅगेचा हिशेब, आणि गावात राहिलेल्या सुनेकडे तिच्या माहेरचा एक सेट आधीच पडून. मग कुणीतरी म्हणतं, "असू दे, लागतील कधी तरी." खोकी भरली जातात, त्यांवर दोरी आवळली जाते आणि प्रश्न पुढच्या पिढीच्या माळ्यावर जाऊन बसतो.

इतर वारशाचं असं होत नाही, कारण त्याला मोड असते. चार भावंडांत एक पाटली असली तर गुजरीत, म्हणजे सराफ बाजारात, जाऊन ती मोडता येते आणि पैसे चार ठिकाणी जातात. पितळेची घागर पोचलेली असली तरी तिच्या वजनाला भाव मिळतो. चांदीचं ताट वितळून त्याच्या वाट्या होतात. चिनी मातीचं मात्र तसं नाही. भट्टीत एकदा भाजलेली ही माती पुन्हा माती होत नाही आणि वितळून तिचा दुसरा कपही होत नाही. सेट फोडला की त्याची किंमत जाते, कप फुटला की कपच जातो. ही वस्तू एकतर आख्खी कुणाची तरी होते, नाहीतर कुणाचीच राहत नाही. म्हणून तिच्याबद्दलचा निर्णय पैशाच्या भाषेत सुटत नाही आणि घरातली माणसं तो टाळत राहतात.

रोमपासून जपानपर्यंत

परदेशी भांडं जपून ठेवण्याची कोल्हापूरची परंपरा किती जुनी आहे, हे टाऊन हॉलमधल्या वस्तुसंग्रहालयात पाहायला मिळतं. पंचगंगेच्या काठावर ब्रह्मपुरीच्या टेकडीवर १९४४-४५ च्या सुमारास कांस्यवस्तूंचा मोठा साठा सापडला. प्रा. कुंदणगार यांनी तो प्रकाशात आणला. पाठोपाठ १९४५-४६ मध्ये डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकलिया आणि मो. गं. दीक्षित यांनी तिथे पद्धतशीर उत्खनन केलं. त्या साठ्यात समुद्रदेव पोसायडनची छोटी, देखणी मूर्ती होती आणि रोमन घडणीचा कांस्याचा सुरईवजा जगही होता. सातवाहनांच्या काळात अरबी समुद्र ओलांडून आणि घाट चढून आलेला हा ऐवज इथल्या कुठल्याशा घराने स्थानिक वस्तूंसोबत एकत्र ठेवला होता. तो जग आज मोलाचा आहे तो धातूच्या वजनामुळे नाही. तो कुठे, कशासोबत आणि कोणत्या काळातल्या वस्तीत मिळाला हे ठाऊक आहे, म्हणून तो मोलाचा आहे.

चिनी मातीची भांडी आपल्या भागात नंतर आली, पण तीही बंदरावरूनच. आदिलशाहीच्या विजापुरात एका इमारतीला चिनी महाल म्हणतात, कारण तिथे चिनी भांड्यांचे ढीगभर तुकडे सापडले. विषारी अन्न पडलं की ठरावीक जातीचं चिनी भांडं तडकतं किंवा रंग बदलतं, अशी समजूत त्या काळी दरबारांत होती. गोव्यातल्या जमीनदार घराण्यांकडे मकावच्या व्यापारातून चिनी पोर्सिलीन आलं. चांदोरच्या मिनेझिस ब्रागांझांच्या घरात ते आजही पाहायला मिळतं.

पोर्सिलीन बनवायचं गुपित युरोपला कळलं ते अठराव्या शतकाच्या आरंभी. जर्मनीत मायसनचा कारखाना १७१० मध्ये निघाला. पुढे त्याच शतकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये जोसाया स्पोडने मातीत जनावरांच्या हाडांची राख मिसळण्याचं प्रमाण बसवलं आणि बोन चायना तयार झालं. त्यात जवळजवळ निम्मा भाग हाडांची राख असते. कोल्हापूरसारख्या जैन आणि लिंगायत वस्तीच्या जिल्ह्यात ही माहिती कळल्यावर घरातला सेट बाहेर गेल्याची उदाहरणं आहेत, आणि तो निर्णयही मानायलाच हवा.

मध्यमवर्गीय घरात कपबशी शिरली ती रेल्वेने. मिरज-कोल्हापूर रेल्वे १८९१ मध्ये सुरू झाली आणि मुंबईच्या गोदीतला माल करवीरच्या पेठांत सोपेपणाने पोचू लागला. इंग्लंडचा माल महाग होता. विसाव्या शतकात जर्मनी, झेकोस्लोव्हाकिया आणि विशेषतः जपानचा स्वस्त माल आला, तेव्हा शिक्षक-कारकुनांच्या घरातही सहा कपांचा सेट दिसू लागला. देशी कारखानेही उभे राहत होते. मुंबईत जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये जॉर्ज टेरी यांनी १८७० च्या दशकात मृत्पात्रीचं काम सुरू करून अजिंठ्याची नक्षी फुलदाण्यांवर आणली होती. सौराष्ट्रात परशुराम गणपुले या मराठी माणसाच्या परशुराम पॉटरी वर्क्सने मोठं नाव कमावलं. आपल्या फडताळातल्या कित्येक बरण्या त्याच मोरबी-थानगडच्या पट्ट्यातून आल्या आहेत.

कप उलटा करून बघा

आपल्याकडे काय आहे हे कळायला तज्ज्ञ लागतोच असं नाही. भांडं उलटं करावं आणि बुडाचा शिक्का वाचावा. १८९१ पासून अमेरिकेत विकायच्या मालावर मूळ देशाचं नाव घालणं बंधनकारक झालं आणि बहुतेक कारखान्यांनी तसे शिक्के करून घेतले. म्हणून नुसतं 'इंग्लंड' असलेला शिक्का बहुधा त्यानंतरचा आणि 'मेड इन इंग्लंड' बहुधा विसाव्या शतकातला. 'निप्पॉन' लिहिलेलं असेल तर भांडं साधारण १८९१ ते १९२१ मधलं, कारण १९२१ नंतर 'जपान' असं लिहावं लागलं. 'ऑक्युपाइड जपान' असेल तर ते दुसऱ्या महायुद्धानंतरच्या, अमेरिकी ताब्यातल्या जपानमधलं, म्हणजे १९५२ च्या आतलं. 'झेकोस्लोव्हाकिया' असेल तर १९१८ च्या नंतरचं, कारण तोवर तो देशच नव्हता.

मग भांडं उजेडासमोर धरावं. चांगल्या पोर्सिलीनच्या किंवा बोन चायनाच्या पातळ कपातून पलीकडच्या बोटांची सावली दिसते. जाड, अपारदर्शक भांडं साध्या चिनी मातीचं. पांढरंशुभ्र, एकसारखं आणि काचेसारखं वाटणारं भांडं बहुधा ओपल काचेचं असतं आणि ते १९८० च्या दशकानंतर आपल्याकडे घरोघर झालं. बरणीची परीक्षा आजीच्या पद्धतीने करावी. ती तळहातावर तोलून बोटाने टिचकी मारावी. खणखणीत आवाज आला तर बरणी शाबूत, बद्द आवाज आला तर कुठेतरी केसासारखा तडा आहे. असा तडा डोळ्यांना दिसत नाही, पण मीठ आणि तेल त्यातून झिरपतं आणि वर्षाचं लोणचं बुरसतं.

पितळेच्या भांड्याचा एक मोठा गुण चिनी मातीत नाही. लग्नात आलेल्या हंड्या-कळशीवर, ताटावर, तांब्यावर नाव घालायची आपल्याकडे पद्धत. कुणाकडून कुणाला, कधी, हे छिन्नीने ठोकून लिहिलेलं. पन्नास वर्षांनंतरही कुणी ते भांडं उचललं तरी पणजीचं माहेर कळतं. चिनी मातीवर नाव कोरता येत नाही, त्यामुळे तिची कुळकथा आधी हरवते. ही किटली आजोबांनी मुंबईहून आणली, की साहेबाने बदलीच्या वेळी दिली, की आजीच्या भिशीच्या पैशांतून आली, हे सांगणारं माणूस गेलं की उरतो फक्त बुडाचा शिक्का. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला हे विचारायला आजच बसावं. ब्रह्मपुरीच्या जगाबाबत जी गोष्ट खरी आहे ती आपल्या किटलीबाबतही तितकीच खरी आहे.

कुणाचा कप, कुणासाठी नव्हता

या कपाटाचा आणखी एक इतिहास आहे आणि तो वाटणीच्या वेळी कुणी बोलत नाही.

सोवळ्याच्या हिशेबात धातूचं भांडं घासून-मांजून शुद्ध होतं, मातीचं होत नाही. त्यामुळे चिनी मातीच्या भांड्यांना कित्येक घरांत स्वयंपाकघराची पायरी चढू दिली जात नसे. कपबशी दिवाणखान्यात, पाहुण्यांपुरती, आणि धुवायची मोरी वेगळी. कप आणि चहा यांतून महाराष्ट्रात केवढं वादळ उठू शकतं हे १४ ऑक्टोबर १८९० रोजी दिसलं. त्या दिवशी पुण्याच्या पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये न्यायमूर्ती रानडे, टिळक, गोखले आदी मंडळींपुढे चहा आणि बिस्किटं ठेवण्यात आली. कुणी ती घेतली, कुणी नुसता मान राखला. गोपाळराव जोशी यांनी ही बातमी छापून आणली. ग्रामण्य झालं, म्हणजे बहिष्काराचा वाद पेटला, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, काहींना प्रायश्चित्त घ्यावं लागलं. वाद पेयाचा नव्हता. कुणाच्या हातचं आणि कुणाच्या भांड्यातलं, हा वाद होता.

कोल्हापूरने याच प्रश्नाला दिलेलं उत्तर जास्त धीट आहे. गंगाराम कांबळे हे राजर्षी शाहू महाराजांच्या पदरी चाकरीला होते. सवर्णांच्या पाण्याला शिवले म्हणून तिथल्याच नोकरांनी त्यांना बेदम मारलं. महाराज त्या वेळी कोल्हापुरात नव्हते. परत आल्यावर त्यांना हे कळलं, तेव्हा त्यांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली आणि गंगाराम यांना स्वतःचा धंदा काढायला भांडवल दिलं. गंगाराम यांनी भाऊसिंगजी रोडवर 'सत्यसुधारक' नावाचं हॉटेल उघडलं. स्वच्छता चोख, चहा उत्तम, पण गिऱ्हाईक फिरकेना. मग महाराजांची गाडी फेरफटक्याला निघाली की त्या हॉटेलासमोर थांबू लागली. महाराज चहा मागवत, स्वतः पीत आणि गाडीतल्या सरदार-दरकदारांनाही प्यायला लावत. छत्रपतींनी ज्या कपातून चहा घेतला तो नाकारायची हिंमत मग कुणाला होणार?

हे घडलं त्याच सुमारास, १९१९ मध्ये, महाराजांनी सार्वजनिक पाणवठे, शाळा, दवाखाने यांत अस्पृश्यता पाळू नये असे हुकूम काढले आणि मार्च १९२० मध्ये कागल जहागिरीतल्या माणगावला डॉ. आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली परिषद भरली. पण हुकूम आणि परिषदांच्या बरोबरीने तो रस्त्यावरचा चहा लोकांच्या लक्षात राहिला, कारण ती गोष्ट प्रत्येकाच्या घरातल्या वस्तूशी जोडलेली होती.

घरांत मात्र वेगळा कप राहिलाच. अंगणाच्या कोनाड्यात, गोठ्याच्या आढ्याला, मोरीच्या कठड्यावर पालथा घातलेला, कान तुटलेला. गड्याने, कामवालीने तो स्वतः घ्यायचा, चहा वरून ओतून घ्यायचा, स्वतः विसळून परत ठेवायचा. हॉटेलांतही हीच रीत होती. १९५५ चा अस्पृश्यता (गुन्हे) कायदा, ज्याला १९७६ नंतर नागरी हक्क संरक्षण कायदा म्हणतात, त्यात सार्वजनिक उपाहारगृहातली भांडी वापरायला जातीवरून मनाई करणं हा स्वतंत्रपणे नमूद केलेला गुन्हा आहे. संसदेला कायद्यात भांड्यांचा उल्लेख करावा लागला, यावरून हा अपमान किती सर्रास होता ते समजतं. घराच्या आतल्या कपापर्यंत मात्र तो कायदा पोचत नाही. तिथे घरच्यांनीच पोचायचं असतं.

म्हणून आजीच्या देखण्या सेटची कथा लिहून ठेवताना दुसऱ्या कपाचीही कथा लिहावी. तो कप कुठे असायचा, कुणासाठी असायचा, कधी बंद झाला. ते लिहिलं नाही तर वारसा अर्धाच सांगितला.

वाटणी

कायद्याच्या दृष्टीने हा प्रश्न वाटतो तितका धूसर नाही. लग्नात मुलीला मिळालेली भांडी ही तिची स्वतःची मालमत्ता. हिंदू उत्तराधिकार कायदा, १९५६ च्या कलम १४ नुसार ती तिची पूर्ण मालक. तिने मृत्युपत्र केलं नसेल तर तिच्यामागे मुलगे, मुली आणि पती यांचा त्यावर सारखा हक्क असतो. 'भांडी घराण्याची, ती थोरल्याच्या घरीच राहणार' हा रिवाज झाला, हक्क नव्हे. आईचं कपाट उघडताना लग्न झालेल्या मुलींना बोलवायचं राहून जातं आणि पुढची वीस वर्षं त्या एका किटलीवरून बोलणं बंद राहतं, असं अनेक घरांत घडलेलं आहे.

शेजारच्या गोव्यात यासाठी एक बांधलेली पद्धत आहे. पोर्तुगीज दिवाणी कायद्यातून आलेली आणि २०१२ च्या राज्याच्या कायद्यात कायम राहिलेली 'इन्व्हेंटरी' प्रक्रिया. माणूस गेल्यावर त्याच्या मालमत्तेची यादी होते, किंमत लागते आणि एखाद्या वस्तूवर एकाहून जास्त वारसांचा डोळा असेल तर वारसांमध्येच बोली लागते. जो जास्त बोलतो तो वस्तू घेतो, इतरांच्या हिश्श्याची भरपाई होते. कोल्हापूरच्या घरांत याच कामाला चिठ्ठ्या टाकतात. चिठ्ठ्यांत एक उणीव आहे. ज्याला किटली हवी असते त्याला बरणी येते आणि ज्याला काहीच नको असतं त्याला किटली. त्यापेक्षा प्रत्येकाने पाळीपाळीने एकेक वस्तू उचलावी, पहिली पाळी धाकट्याची. सेट मोडायचा की नाही हे त्याआधी ठरवावं. सहा कप असलेला सेट दोघांत तीन-तीन वाटला तर बाजारात त्याची किंमत राहत नाही, पण दोन घरांत आईच्या कपातून चहा होतो. बहुतेक घरांसाठी हाच सौदा चांगला आहे.

आणि हे सगळं आई असतानाच करावं. तिच्या हाताने दिलेली वस्तू कुणी नाकारत नाही, आणि नको असेल तर तिच्यासमोर 'नको' म्हणणंही तिच्या पश्चात भांडण्यापेक्षा बरं.

विकायचं म्हटलं तर

कपाटात लाखोंचा ऐवज आहे ही आशा बहुतेक वेळा खोटी ठरते. हा अनुभव जगभरचा आहे. मायक्रोवेव्ह आणि डिशवॉशरच्या स्वयंपाकघरात सोनेरी काठाचं भांडं चालत नाही, पाहुण्यांची जेवणावळ हॉटेलात जाते. २००८ च्या नोव्हेंबरमध्ये स्पोड आणि २००९ च्या जानेवारीत वॉटरफर्ड वेजवुड या नामवंत कंपन्या दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेल्या. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनामधल्या ग्रीन्सबरो इथे 'रिप्लेसमेंट्स लिमिटेड' ही कंपनी १९८१ पासून बंद झालेल्या नक्षीचे सुटे कप आणि ताटल्या विकते. फुटलेल्या एका कपाची जागा भरणारे लोक आहेत, आख्खा सेट घेणारे कमी, असा त्याचा अर्थ. आपल्याकडे मुंबईचा चोर बाजार आणि पुण्याचा जुना बाजार इथे अशी भांडी जातात, पण घरच्यांच्या अपेक्षेच्या मानाने पैसे थोडेच मिळतात.

एक गोष्ट मात्र पक्की ध्यानात ठेवावी. १९७२ च्या पुरावस्तू आणि कलानिधी कायद्यानुसार शंभर किंवा त्याहून जास्त वर्षांची, ऐतिहासिक महत्त्वाची वस्तू ही पुरावस्तू ठरू शकते. ती खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही आणि तिचा व्यापार करायला परवाना लागतो. पणजोबांच्या काळातली किटली परदेशातल्या मुलीकडे पाठवायची असेल तर आधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून ती पुरावस्तू नसल्याचा दाखला घ्यावा. विमानतळावर अडकण्यापेक्षा ते सोपं.

संग्रहालयाला देणं हा सगळ्यांत सुंदर पर्याय वाटतो. त्याला मोठी उदाहरणंही आहेत. सर रतन टाटा १९१८ मध्ये वारले आणि त्यांचा कलासंग्रह मुंबईच्या आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाला मिळाला. १९३३ मध्ये सर दोराबजींच्या संग्रहाची त्यात भर पडली. चिनी आणि जपानी पोर्सिलीनचं तिथलं दालन उभं आहे ते या दोघा भावांच्या वारशावर. पुण्यात दिनकर केळकरांनी रोजच्या वापरातल्या वस्तू, दिवे, अडकित्ते, भांडी आयुष्यभर गोळा केली आणि सुमारे २०,००० वस्तूंचा तो संग्रह दिवंगत मुलाच्या नावाने समाजाला दिला. बाणावलीचं 'गोवा चित्र' पाडलेल्या घरांतून टाकून दिलेल्या वस्तूंवर उभं आहे. कोल्हापुरात नव्या राजवाड्यातलं संग्रहालय १९७४ पासून लोकांसाठी खुलं आहे.

तरीही संग्रहालयाला आणखी एक निनावी डिनर सेट नको असतो. जागा, कपाटं, निगा राखणारी माणसं मोजकी असतात. वस्तूसोबत तिची हकिगत असेल, खरेदीची पावती, जुना फोटो, कुणी कशासाठी वापरली याची नोंद असेल, तर तीच वस्तू वेगळी ठरते.

वापरायचं म्हटलं तर

उरतो तो साधा आणि बहुतेकांसाठी योग्य मार्ग: वापरणं. त्याआधी थोडी काळजी घ्यावी लागते. जुन्या रंगीत नक्षीत आणि झिलईत शिसं आणि कॅडमियम असू शकतं. आंबट पदार्थ ते ओढून घेतो. तेव्हा आतून रंगकाम असलेल्या, नक्षी पुसट झालेल्या किंवा झिलईवर जाळी पडलेल्या भांड्यात कढी, सार, चिंचेची आमटी, ताक, लोणचं ठेवू नये. आतून पांढरा, गुळगुळीत, न तडकलेला कप चहाला चालतो. रंगीत ताटल्यांना तर दिवाळीसारखी संधी नाही. चिवडा, शंकरपाळी, करंज्या, चकल्या हे सगळं कोरडं, आणि फराळाची ताटली अर्ध्या तासात रिकामी होते. सोनेरी-चंदेरी काठाचं भांडं मायक्रोवेव्हमध्ये घालू नये, ठिणग्या उडतात. चिकटवलेलं भांडं खाण्यापिण्याला वापरू नये, त्यात पेन ठेवावेत.

शाबूत, जाड बरणीला आजही पर्याय नाही. तिची झिलई म्हणजे काचेचाच थर. मीठ आणि आंबट धातूला खातात, तिला नाही. स्टीलच्या डब्यात चव बदलणारं लिंबाचं लोणचं बरणीत वर्षभर टिकतं. धुवून कडक उन्हात दोन दिवस वाळवावी, तोंडाला स्वच्छ दादरा बांधावा, एवढीच तिची मागणी.

वापरणंच बरं, हे पुराने आणखी एका प्रकारे शिकवलं. २०१९ मध्ये पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली, २०२१ मध्ये पुन्हा तेच झालं. तिची धोक्याची पातळी ४३ फूट. शाहूपुरीच्या कुंभार गल्लीपासून शिरोळच्या गावांपर्यंत घरांत चिखल शिरला. पुराच्या चिखलात प्लायवूड फुगतं, गाद्या, पुस्तकं, फोटो, फ्रिज निकामी होतात. झिलईची चिनी भांडी मात्र फुटली नसतील तर गाळ धुऊन, उकळत्या पाण्यातून काढून पुन्हा कामाला येतात. वस्तू माळ्यावर असली काय आणि कपाटात असली काय, आपत्ती विचारून येत नाही. जपून ठेवलं म्हणजे वाचलं, असं नाही.

फुटलेल्याचंही काही करता येतं. चिनी मातीचे तुकडे काचेच्या भंगारात टाकू नयेत, ते काचेसोबत वितळत नाहीत आणि घाण ठरतात. आपल्याकडच्या गच्च्यांवर 'चायना मोझॅक' घालतात, म्हणजे पांढऱ्या तुकड्यांचा थर सिमेंटमध्ये बसवतात. तो ऊन परतवतो आणि सांध्यांची निगा राखली तर पावसाचं पाणी अडवतो. चंडीगडच्या रॉक गार्डनमध्ये नेकचंद यांनी फुटक्या कपबशांतून माणसं, पक्षी, पशू घडवले आणि १९७६ पासून लोक ते पाहायला जातात. घरच्या पायरीवर आजीच्या ताटलीचे चार निळे तुकडे बसवायला गवंड्याचा अर्धा दिवस पुरतो.

निकाल

सगळं ठेवणं आणि सगळं टाकणं, या दोन्ही गोष्टी निर्णय टाळण्याच्याच आहेत. वापरात येईल तेवढं वापरावं. ज्याला मनापासून हवं त्याला हयातीत द्यावं. ज्याची हकिगत माहीत आहे आणि जे खरंच दुर्मिळ आहे तेवढ्यासाठीच संग्रहालयाचा दरवाजा ठोठावावा. बाकीचं ओळखीच्या घरी, महिला मंडळात, वसतिगृहात, लग्न होऊन नवा संसार मांडणाऱ्या मुलीकडे विनासंकोच जाऊ द्यावं. आईची आठवण सेटच्या सगळ्या चाळीस नगांत सारखी वाटलेली नसते. ती एखाद्या कपात असते, ज्यातून ती रोज संध्याकाळी चहा घ्यायची. तो कप ठेवला तर बाकीचे देताना मन खात नाही.

या दिवाळीच्या सफाईत काचेचं कपाट पुसाल तेव्हा भांडी खाली काढा. बुडाचे शिक्के वाचा, घरातल्या वयस्कर माणसाला विचारा आणि एका वहीत प्रत्येक वस्तूपुढे दोन ओळी लिहा: कुणी आणली, कुणाची होती. ती वही कपाटातच ठेवा. आणि त्या सोनेरी काठाच्या कपांत चहा ओताल तेव्हा पहिला कप घर झाडून-पुसून देणाऱ्या मावशींच्या हातात द्या, सगळ्यांच्या बरोबरीने बसवून. तुमच्या घरात त्यांच्यासाठी अजून वेगळा कप असेल, तर या वर्षी घराबाहेर काढायची पहिली वस्तू तोच कप आहे.